भूषण, अर्धंच दाखवलंस

भूषण,

तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात कुणीतरी बंड्याला तुझ्या फोटोसमोर नेऊन बसवलं. हार, उदबत्ती, समोर कुत्रा. चारपाच मोबाईल वर झाले. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ झाला, मागे रडवेलं गाणं लावलेलं. लोकांनी खाली लिहिलं, मुका जीव मालकासाठी रडतोय. बंड्या रडत नव्हता रे. त्याचे कान मागे गेले होते, जीभ पार बाहेर लोंबत होती, आणि तो सारखा ओठ चाटत मांडवाच्या फटीकडे बघत होता. गर्दी आणि माणसांनी वरून धरलेले मोबाईल, दोन्हीला तो घाबरला होता. मी त्याला उठवून मागच्या शेवग्याखाली नेलं, तेव्हा तिथेही एकजण मागे आला आणि म्हणाला, ताई, जरा बाजूला व्हा, फक्त कुत्रा हवाय.

त्या माणसावर मला राग आला, आणि लगेच तुझ्यावर आला. वाटलं, ही सवय यांना तूच लावलीस. आणि मग आठवलं, की आता तुझ्याशी भांडता येणार नाही.

आपलं भांडण तसं जुनंच. मी लिहायचे आणि तू दाखवायचास. पण आपली ओळख झाली ती माझ्या लिहिण्यामुळेच, हे तू कधी नाकारलं नाहीस. माझा ब्लॉग तेव्हा माझ्या दोन मैत्रिणी आणि पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक वाचायचे. साखळीला बांधलेला कुत्रा दिवसभर का भुंकतो, असं काहीतरी मी लिहिलं होतं. खाली नंबर होता म्हणून शिंदखेड्याकडच्या एका गावातून तुझा फोन आला. मॅडम, मॅडम करत तू अगदी शाळेतली मराठी बोलत होतास. तुमचं वाचून मी आमच्या कुत्र्याची साखळी काढली, म्हणालास, पण आता तो सगळ्या गावाच्या कोंबड्यांमागे लागलाय, पुढचं तुम्ही लिहिलंच नाही. मी हसले होते. पुढचं लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की तुला म्हटलं, इकडेच ये.

धुळ्याच्या देवपुरात, पांझरेच्या अलीकडे, मी जिथे सकाळी कुत्रे शिकवते त्या मैदानावर तू मोटारसायकलवरून आलास. पुढे टाकीवर पोत्यात बसवलेलं पिल्लू. तोच बंड्या. पहिल्या आठवड्यात मॅडमची अक्का झाली आणि तुझी शाळेतली मराठी सुटली. मी प्रमाण मराठीत बोलायचे, तू अहिराणीत, आणि कुत्रे दोघांचं ऐकायचे. तुझा हात कुत्र्यांना आवडायचा. घाई नसायची त्या हाताला. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण घाबरलेल्या कुत्र्याजवळ उगाच काहीही न करता बसून राहणं मला तुझ्याइतकं जमलेलं नाही. त्याच्याकडे पाठ करून बसायचास, शेंगा फोडत. कुत्रा आपणहून यायचा.

मग तू मोबाईल उभा करायला लागलास. आधी दगडाला टेकवून, नंतर ती तीन पायांची काठी आणलीस. मला म्हणालास, "अक्का, तू लिहस ते बठ्ठं खरं शे. पन मना गावमा ते कोन वाचस?" मला ते लागलं होतं. पण तू काय केलंस, तर माझाच उन्हाळ्यावरचा लेख घेतलास, पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्यांवरचा, आणि तुझ्या आईच्या ओट्यावर बसून तो सगळा अहिराणीत सांगितलास. माझे शब्द तुझ्या तोंडी इतके वेगळे झाले की मला ते ओळखू येईनात. त्या उन्हाळ्यात मी साक्रीकडे एका लग्नाला गेले, तर वाटेतल्या एका वस्तीवर गोठ्याच्या सावलीत कुत्र्यासाठी पाण्याची कुंडी ठेवलेली. सहज विचारलं, तर म्हातारा म्हणाला, तो शिंदखेड्याचा पोऱ्या मोबाईलमध्ये सांगतो ना. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हे तुला सांगायचं राहिलं. सांगायला हवं होतं असं नाही, पण तुला ऐकायला आवडलं असतं.

तेव्हा मी व्हिडिओच्या विरुद्ध नव्हते, भूषण. भांडण त्या एका व्हिडिओचं होतं.

बंड्या परातीत दूधभाकरी खातोय. तू उकिडवा बसलेला. खाता खाता तू त्याच्या परातीत हात घालतोस, तोंडाजवळून भाकरीचा तुकडा काढून घेतोस, परत ठेवतोस, मग परातच उचलतोस. बंड्या नुसता बघतो. आणि तू तोंड भरून हसतोस आणि म्हणतोस, "देखा भाऊसहोन, याले म्हनतस इस्वास." संपलं. मिनिटभराचासुद्धा नाही. आपण केलेल्या सगळ्या कामापेक्षा तो जास्त बघितला गेला. नागपूर, बऱ्हाणपूर, सुरत, कुठून कुठून लोकांनी तो पाठवला.

मी तो बघून तुला फोन केला होता. म्हटलं, हे काढ. तू म्हणालास, काबरं? मी म्हटलं, बंड्या पिल्लू असताना तू काय काय केलंस ते यात कुठे आहे? तो खात असताना लांबून जायचास, त्याच्या भाकरीपेक्षा चांगला तुकडा टाकायचास आणि निघून जायचास. किती महिने. मालकाचा हात आला की परातीतलं कमी होत नाही, वाढतं, हे त्याला पटलं तेव्हा कुठे तू परातीला हात लावलास. लोकांना फक्त हात घालणं दिसलं. ते घरी जाऊन हात घालतील. तू म्हणालास, पुढच्या भागात सांगतो. मग मी दुसरं सांगितलं, जे तुला आवडलं नाही. तू परात उचलतोस तेव्हा बंड्या क्षणभर थिजतो, म्हटलं. चावणं थांबतं, मान तशीच राहते, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. तुझाच कुत्रा, तुझ्यासमोर. तू म्हणालास, "तो माले वळखस, अक्का." मी म्हटलं, वेगळं काहीच म्हणत नाहीये मी. तुला ओळखतो म्हणून त्याने सोडून दिलं.

पुढचा भाग मला दिसलाच नाही. केलास, टाकलाससुद्धा म्हणे, पण तो फार कुणी पाहिला नाही म्हणून तूच काढून टाकलास. नुसता लांबून तुकडे टाकणारा माणूस कोण बघणार. मी नंतरही विषय काढत राहिले आणि तू टाळत राहिलास. कधी चिडलास, की अक्का, तुला माझं चाललेलं बघवत नाही का. त्यावर मी आठवडाभर बोलले नव्हते. मग एका सकाळी तू काहीच झालं नसल्यासारखा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन मैदानावर आलास, आपण कट्ट्यावर बसून जेवलो आणि वाद तिथेच राहिला.

मग तुझा ताप. आधी साधा वाटला. धुळ्याला दाखल केलं तेव्हाही तू चालत वर गेलास. मी भेटायला आले तर तू उशीला टेकून मोबाईलमध्ये काहीतरी बोलत होतास, मला बघून ठेवून दिलास. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मी रागावले, की आता तरी तो मोबाईल ठेव. तू म्हणालास, "तुनासंगे एक बोलनं शे, अक्का. घर गऊ का बोलसू." तेवढ्यात नर्स आली. मी बंड्याला घरी घेऊन गेले होते, त्याच्याविषयी तू विचारलंस, मी सांगितलं. नंतर रक्त चढवलं, खालच्या मजल्यावर हलवलं, आणि आम्हाला आत सोडणं बंद झालं. तू घरी आलास, पण बोलायला नाही.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

गंधमुक्तीनंतर मला सावद्याहून एका माणसाचा फोन आला. प्रमोदभाऊ, केळीची शेती. म्हणाले, भूषण सरांनी सांगितलं होतं, मला यायला नाही जमलं तर अक्का येईल. मला काहीच कळेना. मग ते सावकाश बोलत गेले. त्यांचा शेरू, मळ्यातला राखणीचा कुत्रा, वयाने मोठा. त्यांच्या पत्नीने, सुनंदाताईंनी, तुझा व्हिडिओ पाहिला. शेरू जेवत असताना त्यांनी तसाच परातीत हात घातला. त्याने मनगटाच्या वर धरलं. टाके पडले, इंजेक्शनांचा कोर्स झाला. भाऊबंद म्हणत होते, याला तापीच्या पलीकडे सोडून या. प्रमोदभाऊंनी रागाने तुझ्या पेजवर निरोप टाकला होता. तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतास. त्यांना ते माहीत नव्हतं. तू सांगितलंच नाहीस त्यांना.

मी सावद्याला गेले. मळ्यात केळीच्या घडांची गाडी भरत होती, माणसं कामात होती. शेरू शेडच्या टोकाला, लांब दोरीला, एकटा. त्याची परात नेहमीच्या वाटेवरून हलवून भिंतीच्या आडोशाला ठेवली होती. सुनंदाताई आल्या, हाताला अजून पट्टी. मला वाटलं, आता त्या बोलतील मला. आपल्या दोघांच्याही वाट्याचं मीच ऐकून घ्यायची तयारी करून गेले होते. त्या म्हणाल्या, "भूषण सर रोज फोन करायचे. आधी माझा हात कसा आहे विचारायचे, मग शेरूचं."

मग त्यांनी मला दाखवलं. त्यांच्या घरात आपलं नेहमीचं उकडलेलं अंडं चालत नाही, म्हणून पोळीचे तूप लावलेले तुकडे. शेरू जेवत असताना त्या लांब एका खुणेच्या विटेपाशी उभ्या राहिल्या, तुकडा परातीकडे टाकला आणि पाठ फिरवून निघून गेल्या. परत आल्या, तुकडा, परत गेल्या. शेरूने मान वर केली, शेपूट सैल पडली. वीट रोज थोडी पुढे सरकवायची, तो ताठला तर मागे घ्यायची, असं तू सांगितलं होतंस. पट्टीचा हात मागे धरून त्या ज्या शांतपणे वळत होत्या, त्यात मला तू दिसलास, आणि मी तिथेच शेडच्या खांबाला धरून उभी राहिले. प्रमोदभाऊंना वाटलं मला ऊन लागलं. पाणी आणलं.

मी निघताना प्रमोदभाऊंनी सांगितलं, एकदा मी रागात विचारलं होतं, की सर, असले व्हिडिओ का टाकता? तर तू म्हणालास, अर्धंच दाखवलं मी. मग काढून का टाकत नाही, असं त्यांनी विचारलं. त्यावर तू म्हणालास, अक्काला विचारतो.

अक्काला विचारतो. तेच होतं का ते, जे घरी जाऊन बोलायचं होतं? मला वाटतं, तेच होतं. पण तू तसं म्हणाला नाहीस. बंड्याबद्दल काही असेल, तुझ्या बायकोबद्दल, मनीषाबद्दल असेल, किंवा माझ्यावरचा जुना राग असेल. भुसावळपर्यंत मी हाच विचार करत आले. पुढे जळगाव गेलं ते मला आठवतही नाही.

व्हिडिओ अजून तसाच होता. रोज नवे लोक बघत होते. तू गेल्यावर तर जास्तच, कारण सगळे तोच एकमेकांना पाठवत होते. खाली श्रद्धांजल्यांची रांग. पेजची चावी मनीषाकडे. मी तुझ्या गावी गेले.

तू मनीषाला ओळखतोस, पण या मनीषाला नाही. ती चुलीपाशी बसून होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेवढ्या एकाच व्हिडिओत ते मोकळे हसलेत. बाकीच्यात शिकवतात. शेजारी तुझी आई. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, हे तुला माहीत आहे. ती रोज सकाळी मनीषाला तोच व्हिडिओ लावायला सांगते आणि मोबाईल कानाशी धरते. तुझा आवाज संपला की परत लाव म्हणते. मी तिथे गेले होते एका घरातून तुझं हसणं काढून घ्यायला. दुसरं काय म्हणणार त्याला.

मनीषाने मला एकच विचारलं. "त्यांनी तसं सांगितलं होतं का, की काढून टाका?"

भूषण, मी हो म्हणाले असते तर तिने त्याच क्षणी काढला असता. आणि मला जवळजवळ खात्री आहे की तुझ्या मनात तेच होतं. पण जवळजवळच. मी म्हणाले, नाही, तसं सांगितलं नाही. मला विचारायचं म्हणाला होता, आणि विचारायचं राहिलं. तिने मान हलवली. मी चहा पिऊन परत आले. वाटेत मला वाटत होतं, आता तो व्हिडिओ राहणार, आणि अजून कुठेतरी कुणीतरी परातीत हात घालणार.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. मैदानावर कुत्रे माझं ऐकेनात, माझा आवाजच बिघडला होता. ब्लॉगवर लिहायला बसले, की परातीत हात का घालू नये. लिहिलं, नीट लिहिलं. वाचणारे तेवढेच. प्राध्यापकांनी छान म्हणून कळवलं. मला तुझा राग आला, माझा आला, आणि बंड्या माझ्या घरात दाराकडे तोंड करून पडायचा, त्याची दया आली. तो तुझी वाट बघत होता की नुसता वाऱ्याला पडत होता, हे मी ठरवणार नाही. लोकांनी ठरवलेलंच आहे.

मग मनीषाचा फोन आला. बंड्याला घेऊन या म्हणाली. काय झालं म्हटलं, तर म्हणाली, मी सावद्याच्या ताईंना फोन केला होता. त्यांनी काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गेले तेव्हा ओटा सारवलेला होता. मनीषाने डोक्यावरून पदर घेतलेला. बंड्या गाडीतून उतरताच घरभर फिरला, तुझ्या खाटेखाली जाऊन आला, आणि तुझ्या आईच्या पायाशी बसला. मनीषा सासूला म्हणाली, की तो व्हिडिओ मी काढतेय, लोक त्याने चुकतायत. मला वाटलं, म्हातारी रडेल. ती बराच वेळ बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "मना मोबाइलमा आवाज ठेई दे. बाकी लोकेसले त्यानं काय करनं शे?"

मनीषाने आधी तो आईच्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला. लावून बघितला, तुझं हसणं नीट येतंय ना. मग पेजवरून काढला. तुझ्या नावाने हळहळलेल्या त्या सगळ्या अनोळखी माणसांचे शब्दही त्याच्याबरोबर गेले. त्यातले काही खरंच तुझ्यामुळे बदललेले लोक होते. मला वाटलं होतं, हे झालं की मला हायसं वाटेल. वाटलं नाही. तू समोर असतास, तू नाही म्हणाला असतास, आणि मग मी तुला पटवलं असतं, तर ते माझं जिंकणं झालं असतं.

मनीषाने तुझी ती तीन पायांची काठी आणली, पण ती बाजूला ठेवून माझ्या हातात मोबाईल दिला. म्हणाली, अक्का, तुम्ही धरा, काठीवर नको, मला कुणीतरी समोर लागेल. मी आयुष्यात असला व्हिडिओ घेतलेला नाही. ती ओट्यावर बसली. पहिल्यांदा बोलता बोलता थांबली, दुसऱ्यांदा रडली, तेव्हा मी मोबाईल खाली केला. तिसऱ्यांदा ती सरळ माझ्याकडे बघून बोलली. "मना मालकनी एक व्हिडिओ करेल व्हता. तो अर्धा व्हता. एक ताईले कुत्रा चावना. राहेल अर्धा मी सांगस."

मग ती उठली. बंड्या अंगणात परातीत खात होता. ती लांबून गेली, तुकडा टाकला आणि पाठ फिरवून आली. परत गेली, परत आली. हात कुठेच घातला नाही. ती तुझ्याइतकी सफाईने करत नव्हती, एक तुकडा परातीच्या बाहेरच पडला, बंड्याने तो शोधून खाल्ला. कुत्रा ताठला तर काय, डोळा कसा दिसतो, मान कशी थांबते, हे तिने तिच्या शब्दांत सांगितलं. हे सगळं तिला तू कधी शिकवलंस, भूषण? मला तर वाटायचं, ती तुझे व्हिडिओ बघतही नाही.

तो तिने त्याच पेजवर टाकला. मिनिटाच्या वर बराच लांब, गाणं नाही, मध्येच कोंबडी ओरडलेली. मी आणि ती ओट्यावर बसून राहिलो. पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, नवऱ्याला जाऊन किती दिवस झाले, लगेच कॅमेऱ्यासमोर. ते मी वाचलं आणि तिच्या हातातून मोबाईल घ्यायला गेले, पण तिने दिला नाही. नंतर एकाने विचारलं, भूषणभाऊ कुठे आहेत, आम्हाला ते हवेत.

मनीषाने पदराने स्क्रीन पुसली. टाईप करायला तिला वेळ लागला, एकेक अक्षर शोधत होती. मी शेजारून वाचत होते. तिने लिहिलं, मना मालक आते नही शेतस. मी शे.